ताबा

माझ्या पाठपिशवीत अंगठ्याचं मशीन,
एक कॅमेरा, वायरींचा गुंता.
लोकांच्या घरी जाऊन मी करार नोंदवतो,
कर्वेनगर, वारजे, बावधन, म्हणाल तिथे,
रात्री साडेनऊलासुद्धा.
मालक सोफ्यावर, भाडेकरू खुर्चीच्या टोकाला.
म्हणजे भाडेकरू आपण म्हणतो.
कागदावर तो शब्द येत नाही.
कागदावर असतो परवानाधारक,
आणि अकरा महिने,
आणि एक ओळ, जी मी वाचून दाखवतो
आणि तेवढ्यात नेमका चहा येतो:
जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील.

परवा एरंडवण्यात, सातव्या मजल्यावर,
एक सही उरकून लिफ्टची वाट पाहत होतो.
समोरच्या दाराला आकड्यांचं कुलूप,
बाहेर मालनबाई तोडकर, बार्शीच्या.
पायाशी कुकर, दोन पिशव्या, एक्स-रेचं पाकीट.
"सकाळपर्यंत चालत होता हो हा आकडा.
चार सात एक नऊ."
मनगटावर बॉलपेननं लिहिलेला,
रोज गिरवून निळाजांभळा झालेला.

"मालकांना लाईट चाललेत, तेहेतीस सांगितलेत."
मी आधी घरमालक समजलो.
मग कळलं, नवरा. खाली बाकावर बसवलेला,
गळ्याची कातडी काळवंडलेली.

आल्या होत्या तीन रात्रींसाठी.
मग फोनवर आणखी चार, मग आठवडा,
मध्ये डोस लांबले, ताप आला,
असं करत एकसष्ट.
शनिवारी कुणाचं तरी लग्नाचं वऱ्हाड, चौपट दर.
अकराला खोली सोडायची.
तसं ॲपवर लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात,
आणि मालनबाईंनी त्याला होकार दिलाय
भाच्याच्या बोटानं.

"तुम्ही कराराचे ना? मग सांगा.
एक दिवस पैसे थकवले नाहीत.
दूधवाला मला नावानं हाक मारतो.
असं काढता येतं मला?"

म्हटलं, तुम्ही पाहुण्या आहात.

"पाहुण्याकडून पैसे घेतात होय तुमच्यात?"

ह्याचा रकाना माझ्याकडच्या कुठल्याच नमुन्यात नाही.

मला हुसेनभाई तांबोळी आठवले, नाना पेठेतले.
वह्या बांधतात. भाडं सव्वीस रुपये.
मालक घेईना, म्हणून दर महिन्याला मनिऑर्डर,
दर महिन्याला परत.
नाकारल्याच्या पावत्या त्यांनी शिवून ठेवल्यात
कापडी पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी अक्षरं.
छत गळतं, जिना हलतो, दुरुस्तीला कुणी फिरकत नाही,
पण त्यांना उठवायचं तर
कोर्टापुढे उभं राहून कारण सांगावं लागतं.
कारण सांगावं लागणं.
एवढीच त्यांची इस्टेट.

मालनबाईंसाठी एक मेसेज पुरला.
माझ्यासाठी एक महिन्याची नोटीस पुरेल.
वारज्यातल्या माझ्या खोलीचा दहावा महिना संपत आलाय
आणि घरमालकीण हल्ली जिन्यात नजर चुकवते.
तिच्या मुलानं फोटो काढून नेलेत खिडकीचे,
माझी वाळत घातलेली बनियन बाजूला करून.

मी फोन लावला. सिद्धेश म्हणून कुणी मुलगा,
आवाज गोड, मागे गाडीचा इंडिकेटर.
फ्रीजमध्ये औषधं राहिलीत म्हटल्यावर
त्यानं दहा मिनिटांसाठी नवा आकडा दिला.
वाईट नव्हता तो. सॉरी म्हणाला, दोनदा.

आत गाद्यांवर पांढऱ्या चादरी आधीच ताणलेल्या.
फ्रीजमधल्या बाटल्या काढल्या,
चुलीमागची हळदीची पुडी काढली.
गॅलरीत एका कुंडीत पानओवा होता, हातभर.
फांदी खोचलेली त्यांनीच, पहिल्या आठवड्यात.
मी कुंडी उचलायला वाकलो.
"नको," म्हणाल्या. "धरलंय ते.
आता हलवू नका."

लिफ्टमध्ये त्या थुंकी लावून
मनगटावरचा आकडा पदरानं पुसत होत्या.
चार गेला, सात गेला.
तळमजला आला तेव्हा
एक नऊ तसाच होता.